चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर कसं न्यावं

माझी मुलगी अडीच वर्षांची होती. दूध घ्यायला डेअरीसमोर थांबले, ती नेहमीसारखी स्कूटरवर पुढे उभी, इंजिन चालूच. सुट्टे पैसे द्यायला मी उजवा हात हँडलवरून काढला आणि तिने ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी उसळून डेअरीच्या पायरीवर आदळली, तिची हनुवटी मीटरच्या कडेवर आपटली आणि चार टाके पडले. वेग ताशी दहासुद्धा नसेल. मूल माझ्या दोन हातांच्या मधे आहे म्हणजे माझ्या ताब्यात आहे, असं तोवर मला मनापासून वाटत होतं.

त्यानंतर मी कायदा वाचला, पट्टा आणला, सवयी बदलल्या. त्यातलं जे रोज उपयोगी पडतं ते इथे लिहिते.

आधी माणसं मोजा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय फक्त एक माणूस बसू शकतो, तोही चालकाच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर. लहान मुलासाठी यात सवलत नाही. आई, बाबा आणि मधे दाबून बसवलेलं बाळ म्हणजे ट्रिपल सीटच. कलम १९४क प्रमाणे त्याला १,००० रुपये दंड आहे आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. लहान मुलाला आई-वडिलांबरोबर तिसरं म्हणून नेऊ द्यावं, अशी विनंती केरळ सरकारने २०२३ मध्ये केंद्राकडे केली होती. ती मान्य झाली नाही.

दोन मुलांना शाळेत सोडणाऱ्यांची यात खरी ओढाताण होते, हे मी रोज फाटकाशी बघते. तरी उपाय दोनच: दोन फेऱ्या, नाहीतर रिक्षा. बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत असेल तर माझ्या मते दुचाकीचा विचारच करू नये. त्या वयात मान डोक्याचा भार नीट पेलत नाही, त्यावर हेल्मेट कुठून चढवणार? एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. गावाला जाताना तो हिशेब आधी करा.

पुढे उभं करणं बंद करा

हे सगळ्यात अवघड, कारण मुलांना पुढेच आवडतं. वारा लागतो, रस्ता दिसतो. पण जोरात ब्रेक लागला की मुलाच्या पुढे हँडल आणि मीटर असतो आणि मागून आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. ताशी ४० किलोमीटरने आदळणं हे साधारण वीस फुटांवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतकं असतं. त्या क्षणी बारा किलोचं मूल हातांनी धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. पोटाला ओढणीने बांधलेलं मूलही असंच. ओढणीची गाठ धक्का सोसत नाही आणि तिचं मोकळं टोक चाकात जायला वेळ लागत नाही.

पट्टा

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ फेब्रुवारी २०२२ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा त्यामुळे बंधनकारक आहे. हा पट्टा म्हणजे मुलाने घालायचं जाकीट. त्याला जोडलेले पट्टे चालवणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर, दप्तरासारखे येतात. मुलाचं धड आपल्या पाठीला बांधलेलं राहतं.

घेताना नियमात काय लिहिलंय ते लक्षात ठेवा: जाड नायलॉन, आत घट्ट फोम, पाण्याने खराब न होणारा, लहान-मोठा करता येणारा आणि ३० किलोपर्यंत वजन पेलणारा. नुसता कमरेला बांधायचा पट्टा मिळतो, तो घेऊ नका. वरचं अंग मोकळं राहून मूल बाजूला कलंडतं. घरी आणल्यावर मुलाला पाठीशी बांधून खोलीत चाला, वाका, एका बाजूला झुका. मूल आपल्याबरोबर हललं तर पट्टा नीट बसलाय. मागून हिसका बसला तर अजून आवळायला हवा.

हेल्मेट त्याचं स्वतःचं

नऊ महिने ते चार वर्षं या वयात डोक्याला नीट बसणारं हेल्मेट हवंच. या वयाला सायकलचं हेल्मेटही चालतं, मात्र ते एएसटीएम १४४७ किंवा युरोपच्या ईएन १०७८ अथवा ईएन १०८० या मानकाचं असावं. हेल्मेटच्या आतल्या लेबलवर तसं छापलेलं असतं. भुवयांच्या किंचित वरून शिंप्याच्या टेपने डोक्याचा घेर मोजा आणि तेवढंच घ्या. "पुढच्या वर्षीही येईल" म्हणून मोठं घेतलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. हनुवटीखालचा पट्टा लावून मागून वर ढकलून बघा. कपाळावर घसरलं तर ते परत करा.

आमच्याकडे पहिले चार दिवस रडारड झाली. मग मी ते घरात खेळायला दिलं. आठवड्याने ती हेल्मेट घालूनच जेवायला बसली.

बसवायचं कसं

गाडी बंद, किल्ली खिशात. जाकीट घरातच घालून घ्या. दुसरं माणूस असेल तर आपण गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि त्याने मुलाला मागे बसवून बकल लावायचं. एकटे असाल तर सोसायटीच्या पायरीला किंवा ओट्याला गाडी अगदी चिकटवून लावा. मूल पायरीवर उभं असतानाच पाठ करून पट्टे खांद्यात घ्या आणि मग दोघांनी मिळून बसा. पट्टा न लावता मुलाला सीटवर एकटं ठेवून बाजूला होऊ नका, अगदी हेल्मेट घालण्यापुरतंसुद्धा.

पाय बघा. इतक्या लहान मुलाचे पाय फूटरेस्टला पोचत नाहीत, ते लोंबतात. टाच मागच्या चाकाच्या तारांत जाते आणि घोट्याजवळची कातडी सोलवटून निघते. मोटारसायकल असेल तर मागच्या चाकाला साडीगार्ड हवाच. निम्मं चाक तरी झाकलेलं असावं असं नियमच सांगतो. पायात चप्पल नको, बूट हवेत. सायलेन्सरचा चटका पोटरीला लागतो, म्हणून पॅंट पूर्ण लांबीची.

वेग आणि रस्ता

चार वर्षांपर्यंतचं मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, हाही नियमच. या वेगालाही गाडी दर सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. चाळीसने महामार्गावर जाणं म्हणजे ट्रक मागून अंगावर घेणं, तेव्हा महामार्ग आपोआप बाद होतो. मुलाची झोपेची वेळ टाळा. झोपलं की धड पट्ट्यात राहतं, डोकं मात्र हेल्मेटसकट एका बाजूला लोंबतं. पाठीवरची हालचाल थांबली, बडबड बंद झाली की गाडी कडेला घ्या.

चार वर्षं पूर्ण झाल्यावर

पट्ट्याची सक्ती संपते, पण कलम १२९ लागू होतं: मोठ्यांसारखंच आयएसआय शिक्क्याचं, आयएस ४१५१ मानकाचं हेल्मेट. सायकलचं हेल्मेट तिथे चालत नाही. पाय फूटरेस्टवर टेकेपर्यंत मी मात्र पट्टा सोडला नाही.

पोचल्यावर आधी इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि मग बकल सोडा. डेअरीसमोर दोन मिनिटं थांबायचं असेल तरीही.