झाडकॉफीची उशिराची तोडणी आणि मृगापूर्वीची तयारी: एक्सेल्सा व लायबेरिका बागायतदारांसाठी सल्ला

कर्नाटकातील कोडगू आणि चिकमगळूरच्या मळ्यांत अरेबिका जातीची कॉफी जानेवारीपर्यंत उतरते, रोबस्टा मार्चपर्यंत आटोपते आणि तोडणीचे मजूर गावी परतल्यावरही बांधावरच्या उंच झाडांवर फळ लटकलेलेच राहते. हीच तिथली 'मर काप्पी'. मराठी कानाला हे नाव अशुभ वाटेल, पण कानडीत मर म्हणजे झाड. वाऱ्याला आडोसा आणि हद्दीची खूण म्हणून लावलेली ही झाडे मुख्यतः एक्सेल्साची, तर काही ठिकाणी लायबेरिकाची आहेत. २००६ पासून एक्सेल्सा ही लायबेरिकाचाच एक प्रकार मानली जात होती. २०२५ मध्ये जनुकीय अभ्यासाच्या आधारे ती पुन्हा स्वतंत्र प्रजाती ठरवण्यात आली. हा भेद बागायतदाराच्या हिशेबातही दिसतो. लायबेरिकाचे फळ मोठे, साल व गर जाड, त्यामुळे ताज्या फळाच्या वजनाच्या जेमतेम दहावा हिस्सा हिरवे बी हाती येते. एक्सेल्साचे फळ लहान, गर पातळ आणि उतारा त्याहून बरा असतो. दोन्हींचा माल एकत्र करून विकू नये.

चैत्र-वैशाखात सर्वांत आधी लक्ष द्यावे ते फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याकडे. १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळलेली ही कीड मुख्य तोडणी संपल्यावर उरल्यासुरल्या फळांत तग धरते, आणि बांधावर एक्सेल्साचे पिकते फळ असले की तिला पुढच्या हंगामापर्यंत आयता आसरा मिळतो. बांधावरच्या झाडाला काही काम लागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्याखाली पडलेली फळे उचलून पाहावीत. फळाच्या बेंबीजवळ टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल, तर ते फळ फोडल्यावर बीमध्ये भुरकट पीठ आणि त्यात बारीक काळा भुंगेरा सापडतो. म्हणून फळ पिकेल तसतसे दर आठ-दहा दिवसांनी तोडावे, तोडणीआधी झाडाखाली ताडपत्री अंथरावी, शेवटच्या फेरीत फांदीवर एकही फळ ठेवू नये आणि किडके फळ बांधावर न फेकता एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून मगच वाळवावे. मात्र फांदी ओरबाडून तोडणी करू नये. या झाडांना प्रत्येक वळवाच्या सरीनंतर थोडाथोडा फुलोरा येतो, त्यामुळे पिकल्या फळाशेजारीच पुढच्या वर्षीच्या कळ्या असू शकतात.

अरेबिकासाठी लावलेल्या पल्परमध्ये (फळाची साल व गर काढणाऱ्या यंत्रात) लायबेरिकाचे जाड फळ अडकते किंवा बी चिरडते. यंत्रातील अंतर बदलण्याची सोय नसेल तर फळ अखंड वाळवणेच बरे. जाड गरामुळे वाळायला वेळ लागतो आणि नेमके याच दिवसांत वळीव येतो, म्हणून थर पातळ ठेवावा, दिवसातून अनेकदा उलथावा आणि संध्याकाळी ढीग करून झाकावा. मूठभर फळे हलवल्यावर आत बी खडखडू लागले, तरी आर्द्रतामापकावर ११ टक्क्यांच्या आसपास आकडा आल्याशिवाय पोती भरू नयेत.

तोडणी संपताच छाटणी करावी. मोकळे सोडलेले झाड १५ मीटरपर्यंत जाते, आणि शिडीवरून तोडलेल्या कॉफीची मजुरी परवडत नाही. मात्र जुने उंच झाड एका वर्षात बुंध्यापर्यंत आणण्याची घाई नको. एक-दोन खोडे राखून बाकीची कापावीत आणि नवे जोमदार फुटवे आल्यावर जुनी खोडे काढावीत.

नवी लागवड करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अरेबिका स्वपरागित आहे; लायबेरिका व एक्सेल्साला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, त्यामुळे एकटे झाड फळत नाही आणि बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. कोणी 'खात्रीचे वाण' म्हणून बियांची पुडी विकत असेल तर विश्वास ठेवू नये. चांगल्या उताऱ्याच्या झाडाची काडी घेऊन पाचर कलम करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. बी पेरायचेच असेल तर ते ताजे, सावलीत सुकवलेले असावे. कॉफीचे बी फार काळ टिकत नाही. आता पेरलेले रोप यंदाच्या मृगाला तयार होणार नाही, ते पुढच्या पावसाळ्यासाठी पिशवीत वाढवावे.

महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदरा आठवतो, पण लायबेरिका ही मुळात पश्चिम आफ्रिकेच्या सखल, उष्ण जंगलातली आहे आणि मलेशियातील जोहोरमध्ये ती समुद्रसपाटीजवळ घेतली जाते. त्यामुळे कोकण-गोव्याच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत) तिचा विचार करण्यास हरकत नाही. अडचण पावसाची नाही, डिसेंबरनंतरच्या कोरड्या महिन्यांची आहे. पाण्याची सोय नसेल तर या फंदात पडू नये. असेल तरी सुपारीची ओळ तोडून नव्हे, कडेला आठ-दहा कलमे लावून पाच-सहा वर्षे निरीक्षण करावे. त्यासाठी चार-चार मीटरवर ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे आताच खणून उन्हाने तापू द्यावेत, मृगाच्या आधी शेणखत व वरची माती मिसळून भरावेत आणि मधली माती थोडी उंच ठेवावी, म्हणजे आषाढाच्या झडीत कलमाच्या बुंध्याशी पाणी साचणार नाही.