सेल आणायला जाताय? आधी जुना सेल खिशात टाका

परवा सकाळी गॅस गीझर पेटेना, आई म्हणाली सेल गेले असतील, म्हणून जांभळी नाक्यावर जाऊन ऐटीत "दोन सेल द्या" म्हटलं तर दुकानदार काका म्हणतात, पेन्सिल की मोठा? आता गीझरचं झाकण आयुष्यात कधी उघडलंय मी! गेलो तसाच घरी परत.

तर भिंतीवरच्या घड्याळात असतो तो डबल ए, म्हणजे आपला पेन्सिल सेल, साधारण ५० मिमी लांब, १४ मिमी जाड. टीव्ही-एसीच्या रिमोटला बहुतेक ट्रिपल ए लागतो, तो ४४ लांब आणि १० जाड, म्हणजे ए वाढला की सेल बारीक, उलटाच कारभार. गीझरला लागतो डी, जुन्या टॉर्चमधला जाडजूड. सी हा पेन्सिल आणि डी यांच्या मधला, हल्ली क्वचितच लागतो.

गंमत म्हणजे हे चारही दीड व्होल्टचेच. मोठ्या सेलमध्ये जोर जास्त नसतो, आत माल जास्त असतो म्हणून तो जास्त दिवस पुरतो, आणि गीझरला ठिणगी पाडायची शिवाय पाणी चालू असेपर्यंत गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायचा म्हणून तिथे डी. पेन्सिल सेलला फॉइल गुंडाळून बसवायचा जुगाड करू नका, चालतो खरा पण पटकन उतरतो, आणि फॉइल सरकली की अंगाला साबण लावलेला असताना पाणी गार.

सेलवर आर६ लिहिलं असेल तर साधा डबल ए, एलआर६ असेल तर अल्कलाइन, म्हणजे जास्त टिकणारा. घड्याळाला साधा बास, खेळण्यांना अल्कलाइनच घ्या.

चपट्या सेलचा नंबर म्हणजे चक्क माप. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड, ३ व्होल्ट. सीआर२०२५ दिसायला तसाच पण २.५ मिमी जाड, त्यामुळे २०३२ च्या जागी ढिला बसतो. घरात लहान मूल असेल तर हे संपलेलेसुद्धा इकडेतिकडे ठेवू नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तडक हॉस्पिटल गाठायचं.

आणि वायरलेस बेलच्या बटणात पिटुकला सेल निघाला तर त्यावरचं वाचा, बरेचदा तो २३ए असतो, ट्रिपल एपेक्षा आखूड पण चक्क १२ व्होल्टचा.