साक्ष लिहिताना ‘तारण’ जपून वापरा

साक्ष म्हणजे येशूवर आपला विश्वास कसा बसला याची स्वतःची गोष्ट. नाशिकात शरणपूरच्या चर्चमधल्या उपासनेत ती द्यायची असो की पंचवटीतल्या शेजाऱ्याला सांगायची, ३०० ते ३५० शब्द पुरतात; सावकाश वाचले तर साधारण तीन मिनिटे. साचा बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय २६ मध्ये तयार आहे: अग्रिप्पा राजापुढे प्रेषित पौल आधीचे आयुष्य, दिमिष्काच्या वाटेवरची येशूशी भेट आणि नंतरचा बदल सांगतो. बहुतेकांची गाडी पहिल्याच भागात अडकते. दारू, कर्ज, भांडणे यांचे रसभरीत वर्णन होते आणि प्रभू येतो शेवटच्या दोन ओळींत! तो भाग ८० शब्दांत आटपा.

शब्दांचे भान हवे. चर्चबाहेरच्या माणसाला ‘तारण’ म्हटले की सोनेतारण कर्ज आठवते. त्याच्यासाठी ‘पापाच्या ओझ्यातून सुटका’ असे साधे लिहा. ‘आयुष्य बदलले’ एवढ्याने भागत नाही. भावाशी धरलेला अबोला कसा सुटला ते सांगा, पण त्याला विचारूनच. आधीच्या धर्माला नावे ठेवू नका, ऐकणारा तिथेच मिटतो. आणि जन्माने ख्रिस्ती असाल तर नाट्यमय प्रसंग ओढूनताणून आणू नका. आईवडिलांचा विश्वास तुमचा स्वतःचा कधी झाला, तेवढे लिहा.