कुत्र्या-मांजराच्या अँग्झायटीची गोळी चालू केलीय? मग या चुका टाळा

"आठवडा झाला गोळी देतोय, काही फरक नाही, बंद करून टाकली." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आधी यावरच बोलूया. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही रोज द्यायची औषधं, त्यांचा खरा फरक दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, कधी ८ सुद्धा. साइड इफेक्ट मात्र पहिल्या काही दिवसातच दिसतात, जेवण कमी होतं, सुस्ती येते, मग घरच्यांना वाटतं औषध सोसत नाहीये. अशा वेळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा, ते डोस बदलून देतील. आणि मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. महिनोन्महिने चालू असलेली गोळी एकदम थांबवणं पण चूकच, ती डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची असते.

आता दुसरा प्रकार, गरजेपुरतं द्यायचं औषध. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन वगैरे घाबरण्याच्या प्रसंगाच्या साधारण दीड-दोन तास आधी द्यावं लागतं. लोक काय करतात, ढग गडगडायला लागले, कुत्रा पलंगाखाली जाऊन थरथरतोय, लाळ गळतेय, तेव्हा गोळी शोधायला लागतात. भीती एवढी चढल्यावर तीच गोळी नीट काम करत नाही आणि खापर औषधावर फुटतं. डेक्समेडिटोमिडिनचं जेल असेल तर ते गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायचं, गिळलं तर उपयोग होत नाही, म्हणून लावल्यावर निदान १५ मिनिटं खाऊ देऊ नका. लावताना हातात ग्लोव्हज घाला.

अजून एक, पहिला डोस ऐन प्रवासाच्या दिवशी देऊ नका प्लीज. डॉक्टरांना विचारून एखाद्या शांत दिवशी, तुम्ही घरी असताना ट्रायल घ्या. गॅबापेंटिनने काही जण लडखडतात, अल्प्राझोलामने काही शांत व्हायच्या ऐवजी उलट जास्त चेकाळतात, हे आधीच कळलेलं बरं.

स्वतःचं औषध तर अजिबात देऊ नका. माणसांच्या लिक्विड गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असू शकतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. मांजरांना तोंडाने दिलेल्या डायझेपामने काही वेळा लिव्हर फेल झाल्याच्या केसेस आहेत.

गोचिडासाठी गळ्यात अमिट्राझचा पट्टा आहे का, दुखण्यासाठी ट्रॅमाडोल चालू आहे का, हे बरेच जण डॉक्टरांना सांगतच नाहीत कारण पट्टा म्हणजे औषध असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसोबत अमिट्राझ चालत नाही, ट्रॅमाडोल पण धोक्याचं ठरू शकतं.

आणि नुसतं पडून राहिला म्हणजे शांत झाला असं समजू नका. एसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाने शरीर ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, बिचारा आतून घाबरलेला असतो आणि हलता येत नाही. मला हे फार वाईट वाटतं. म्हणून फक्त घाबरण्यासाठी तेवढंच एक औषध लिहून दिलं असेल तर "याने भीती कमी होणार का?" असं सरळ विचारा.

फरक कळायला आपल्या आठवणीवर भरवसा नको. तुम्ही बाहेर गेल्यावर तो किती वेळ भुंकतो, दार ओरबाडतो का, याचा मोबाइल लावून व्हिडिओ घ्या, औषध सुरू करायच्या आधी एक आणि मग दर आठवड्याला एक, आणि फॉलो-अपला तेच दाखवा. एकटं राहायची सवय लावायचं ट्रेनिंग पण सोबत चालू ठेवा, गोळीमुळे तो शिकण्याइतका शांत होतो, शिकवावं आपल्यालाच लागतं.