मधपेटी आणण्यापूर्वीची तयारी आणि कोळीकिडीची मोजणी

सोलापूर परिसरात छंद म्हणून मधमाश्या पाळायच्या असतील, तर पेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणावी आणि तयारीला गणपतीच्या सुमारासच लागावे. बुरखा, हातमोजे, स्मोकर, चौकटी सुट्या करण्याची पट्टी, मऊ ब्रश आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली ठेवायच्या पाण्याच्या वाट्या ही नावे विक्रेता न विचारताही सांगतो, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. विक्रेता जे सांगत नाही, ते म्हणजे कोळीकीड, म्हणजे माश्यांच्या पिल्लांवर जगणारा व्हरोआ नावाचा बारीक कोळी, मोजण्याची बरणी. ती खरेदीच्या यादीत पेटीच्याही वर लिहावी.

बरणी रुंद तोंडाची आणि पारदर्शक असावी. झाकणाचा मधला भाग कापून तेथे सुमारे ३ मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी बसवावी. मच्छरदाणीची जाळी अजिबात चालत नाही, कारण व्हरोआ कोळ्याची मादी सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते. ती जाळीत अडकते, ताटात काहीच पडत नाही आणि पेटी स्वच्छ असल्याचा खोटा दिलासा मिळतो. पिल्लांच्या चौकटीवर राणी नाही याची दोनदा खात्री करून तिच्यावरील अर्धा कप माश्या बरणीत घ्याव्यात. त्या साधारण ३०० भरतात. जाळीतून दोन मोठे चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू लोळवावी, दोन-तीन मिनिटे सावलीत ठेवावी आणि मग उलटी धरून पांढऱ्या ताटावर मिनिटभर जोराने हलवावी. ताटात थोडे पाणी असले की साखर विरघळते आणि तांबूस तपकिरी, खेकड्यासारखे आडवे, चपटे कोळी स्पष्ट दिसतात. माश्या पेटीत परत सोडाव्यात. साखर त्या एकमेकींच्या अंगावरून चाटून काढतात. मिळालेल्या आकड्याला ३ ने भागले की १०० माश्यांमागील प्रमाण कळते, आणि ते २ ते ३ वर पोहोचले की उपाय लांबवू नये. आकडा तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस तेथेच लिहावा.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न भरलेली पेटी पाहून हमखास पडतो. व्हरोआ ही मूळची आपल्या सातेरी (भारतीय) माशीवरील कीड आहे. सातेरीत ती बहुतांशी नर पिल्लांच्या घरांतच वाढते आणि माश्याही तिचा बंदोबस्त करतात. नवशिक्याच्या हाती मात्र बहुधा मेलिफेरा या युरोपीय माशीची पेटी येते, आणि मेलिफेरात ही कीड कामकरी पिल्लांच्या घरांतही वाढते. घराला मेणाचे टोपण लागण्याच्या थोडे आधी कोळ्याची मादी आत शिरते, आतील पिल्लावर जगते, तेथेच अंडी घालते आणि नव्या माशीबरोबर आपल्या लेकींसह बाहेर पडते. पेटीत पिल्ले असतात तेव्हा निम्म्याहून अधिक कोळी या बंद घरांत असतात, त्यामुळे चौकट उचलून न्याहाळणाऱ्याला ते दिसत नाहीत. पंख आखडलेल्या माश्या पेटीपुढे रांगू लागल्या, म्हणजे फार उशीर झालेला असतो. न्याहाळणे म्हणजे मोजणी नव्हे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. ट्रॉपिलिलॅप्स हा दुसरा कोळी मूळचा आग्या माशीचा आहे, आणि आग्याची पोळी मोठ्या झाडांना व पाण्याच्या उंच टाक्यांना लटकलेली आपण पाहतोच. तो आकाराने लहान, लांबट आणि पळण्यात चपळ असतो. प्रौढ माश्यांच्या अंगावर फार काळ राहत नाही, म्हणून बरणीत क्वचितच सापडतो. त्यासाठी माश्या झटकलेली पिल्लांची चौकट पांढऱ्या ताटावर आपटावी आणि काही बंद घरे चिमट्याने उघडून पाहावीत. बरणी आणि चौकट या दोन्ही तपासण्या कराव्यात. एकीने दुसरीचे काम होत नाही.

जागा निवडताना सकाळचे ऊन आणि दुपारची सावली पाहावी. कडुनिंबाखालची जागा उत्तम. पाणी अगदी जवळ असावे आणि त्यात माश्यांना बसण्यासाठी खडे किंवा गोणपाट ठेवावे, नाहीतर त्या शेजाऱ्याच्या हौदावर जातात आणि तक्रारी सुरू होतात. शेजारच्या शेतकऱ्यांना आधीच भेटावे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत डाळिंबावर फवारण्या वारंवार होतात. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि ती टाळता येत नसेल तर सूर्यास्तानंतर करून आदल्या दिवशी निरोप द्यावा, एवढी विनंती करावी. परागीभवनाचा लाभ त्यांनाही होतो, म्हणून बहुतेक जण ऐकतात. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. तेथील प्रशिक्षण पेटी घेण्याआधी करावे, नंतर नव्हे.

पेटी खरेदीच्या दिवशी राणी, अंडी, अळ्या, मध आणि पराग सर्वजण पाहतात. आपण बरणी सोबत न्यावी आणि पैसे देण्याआधी मोजणी करावी. विक्रेता घाई करील, "आमच्याकडे कीड नाही" असे सांगेल, तरीही मोजावे. मोजू देत नसेल, तर पेटी घेऊ नये.

मोजणीचा एवढा आग्रह धरण्याचे कारण सोलापूरच्या उन्हात आहे. या किडीवरील औषधांपैकी फॉर्मिक ॲसिडची वाफ बंद घरांतील कोळ्यांपर्यंतही पोहोचते, पण दिवसाचे तापमान ३० अंशांच्या फार वर गेले की तीच वाफ राणीच्या आणि पिल्लांच्या जिवावर उठते. आपल्याकडे त्याला सोसणारे कमी तापमान डिसेंबर-जानेवारीतच जेमतेम साधते. थायमॉलला थोडी अधिक उष्णता चालते, पण एप्रिल-मेमधील चाळिशीपुढील पाऱ्यात तेही वापरू नये. ऑक्झॅलिक ॲसिड बंद घरांत पोहोचत नाही, त्यामुळे पिल्ले नसतानाच त्याचा खरा उपयोग होतो. शिवाय मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) चढवलेली असताना यांपैकी काहीही वापरू नये, आणि करडई फुलू लागली की मधकोठी चढवावीच लागते. म्हणजे पेटी आल्यापासून करडई फुलेपर्यंतचे मोजके आठवडेच हाती असतात. डिसेंबरच्या आरंभी मोजणी झाली नाही, तर कीड मार्चमध्ये लक्षात येते आणि तेव्हा बहुतेक उपायांची वेळ टळलेली असते. उपाय केल्यावर पुन्हा मोजावे, कारण औषध दिले म्हणजे कीड गेली असे नसते. औषधाची मात्रा प्रशिक्षकाला विचारूनच ठरवावी. ॲसिड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत.

उन्हाळ्यात औषधांऐवजी नर पिल्लांची बंद पोळी कापून काढावीत, कारण व्हरोआ त्यांत अधिक असतो. राणीला सुमारे २४ दिवस पिंजऱ्यात ठेवून पिल्लांची साखळी तोडण्याचा उपायही आहे, परंतु तो जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.

मध काढताना टोपण लागलेल्याच चौकटी घ्याव्यात आणि पेटीत पुरेसा मध राखावा. फुले नसतील तेव्हा साखरेचा पाक संध्याकाळी द्यावा. रिकाम्या चौकटी मेणकिड्यापासून जपाव्यात. पावसाळ्यात पेटी पुढच्या बाजूला किंचित कलती ठेवावी. दमट दिवशी पिठीसाखरेच्या गुठळ्या होतात, म्हणून जून ते सप्टेंबरमधील मासिक मोजणी उघडिपीच्या दिवशी करावी.