वर्दी उतरल्यानंतरची पहिली दोन वर्षे

फौजेतून निवृत्त होणारा जवान किंवा हवालदार बहुधा पस्तीस ते पंचेचाळीस या वयात घरी येतो. मुले अजून शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि नातेवाइकांचा मात्र ‘आता काय, पेन्शन चालू’ असा समज असतो. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि पुण्यात धानोरीला स्थायिक झालो. माझ्यानंतर आलेल्यांचे कागद घेऊन कचेऱ्यांत हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसली: पलटणीत साधा ताप आला तरी सिक रिपोर्ट करणारा माणूस घरी आल्यावर कोणालाच काही सांगेनासा होतो. म्हणून प्रत्येक अडचणीत कोणाकडे जायचे, तेवढेच येथे लिहीत आहे.

पहिला महिना कागदांसाठी राखून ठेवावा. ट्रंकेतील डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि वैद्यकीय मंडळाचे कागद काढून त्यांतील प्रत्येक नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत असल्यामुळे घोटाळा हमखास येथेच होतो. माझ्या पत्नीचे नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्न-मुलांची नोंद करणाऱ्या पलटणीच्या आदेशात, माहेरचे होते, आधारवर सासरचे, आणि बँकेच्या पासबुकात दोन्हींची भेसळ झालेली होती. नवरा हयात असताना ही दुरुस्ती म्हणजे एक प्रतिज्ञापत्र आणि काही हेलपाटे. तो गेल्यावर तीच चूक कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आड येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी करून माजी सैनिकाचे ओळखपत्र घ्यावे आणि रेकॉर्ड ऑफिसकडे जाणारा अर्ज त्यांच्याकडून तपासून घ्यावा. ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर मोबाइल क्रमांक चालू ठेवावा आणि हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा.

शरीराच्या बाबतीत लाजणे सर्वांत महाग पडते. तोफेजवळ उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला कमी ऐकू येते, पण तो घरच्यांवरच ‘नीट बोलत जा’ म्हणून खेकसतो. मी स्वतः चार वर्षे हेच केले. अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही असा शेरा मिळून निवृत्तिवेतनाचा अपंगत्वाबद्दलचा भाग नाकारला गेला असेल, तर निर्णयाचे पत्र हाती पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे. तेही फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. पत्रावरची तारीख आणि ते हाती आल्याची तारीख या दोन्हींची नोंद ठेवावी. उपचारांसाठी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड सर्व पात्र कुटुंबीयांच्या नावे काढून घ्यावे. तातडीच्या वेळी योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, कळवायचे असते, हे घरातल्या मोठ्या मुलालाही ठाऊक असू द्यावे.

पुण्यात राहणाऱ्याला याबाबतीत नशीबवान म्हटले पाहिजे. कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून येथे आहे. खडकीला जखमी जवानांना हस्तव्यवसाय शिकवणारी, 1917 साली स्थापन झालेली क्वीन मेरीज संस्था आहे, आणि कण्याच्या दुखापतीने चाकाच्या खुर्चीवर आलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तेथेच आहे. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण सगळेच देतात: 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक मिळाले. मला त्यातला मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. मुष्टियुद्ध खेळणारा हा गडी उपचाराचा व्यायाम म्हणून पाण्यात उतरायला तयार झाला. पदकाचा विचार पुढचा.

पैशांबद्दल थोडक्यात. निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि तो भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ही रक्कम लोहगाव किंवा वाघोलीकडच्या गुंठाभर जागेत घालण्यापूर्वी सातबाऱ्यावर आपले नाव स्वतंत्रपणे लागणार आहे का, एवढा एकच प्रश्न वकिलाला विचारावा. विकणारा आपल्याच पलटणीतला असला, तरीही विचारावा.

नोकरी म्हटली की सोसायटीच्या दारावरची बारा तासांची पाळी डोळ्यांसमोर येते. तिच्यात कमीपणा नाही, पण मिळेल ती पहिलीच पत्करू नये; माजी सैनिकांसाठीच्या मेस्को या महामंडळात आधी चौकशी करावी. फौजेत केलेले काम साध्या भाषेत कागदावर उतरवावे. ‘एमटी हवालदार’ म्हणजे काय हे हिंजवडीतल्या मॅनेजरला कळत नाही. ‘चाळीस गाड्यांची देखभाल आणि चालकांचे नियोजन सांभाळले’ हे कळते.

झोप उडणे, दिवाळीच्या फटाक्याने दचकणे, मुलांनी खोली आवरली नाही म्हणून हात उगारणे, आणि कॅन्टीनमधला दारूचा महिन्याचा कोटा पंधरवड्यातच संपणे ही लक्षणे घरच्यांना आधी दिसतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात पत्नीला सांगून ठेवावे, की असे दिसले तर मला विचारल्याशिवाय पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालतो. फोन करताना हुद्दा सांगावा लागत नाही.

आमच्या बॅटरीतले (तोफखान्याच्या तुकडीतले) पुणे परिसरात राहणारे अकरा जण रविवारी सकाळी नऊ वाजता फोनवर ‘रोल कॉल’ घेतो. ज्याची पाळी असेल त्याने सर्वांना फोन करायचा, नुसता निरोप चालत नाही. लागोपाठ दोन रविवार कोणी फोन उचलला नाही, तर तिसऱ्याची वाट न पाहता जवळ राहणाऱ्याने त्याच्या घरी जाऊन चहा मागायचा आणि तो बोलेपर्यंत उठायचे नाही.