सलून उघडण्याआधी कचऱ्याची मांडणी

नवं सलून टाकायचं म्हटलं की खुर्च्या, आरसे, लायटिंग यांवर महिनाभर खल होतो आणि कचऱ्याची बादली मात्र उद्घाटनाच्या सकाळी शेजारच्या दुकानातून आणली जाते. ती आधी ठरवा. रविवारी बाकावर सहा जण खोळंबलेले असताना ब्लेड कुठे टाकायचं याचा विचार कुठलाही कारागीर करत नाही. हात पोचेल तिथे टाकून मोकळा होतो. म्हणून हात जिथे सहज पोचतो तिथेच डबा हवा.

सगळ्यात आधी ब्लेडचा डबा. आपल्याकडे ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात, अर्धं वस्तऱ्यात लावतात आणि उरलेलं अर्धं कागदातच पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतात. इथवर सगळं ठीक. दाढी झाल्यावर काढलेलं अर्धं मात्र फळीच्या फटीत जातं, पेपरच्या घडीत जातं, नाहीतर सरळ खाली केसांत पडतं. यातलं केसांत पडणं सर्वांत वाईट, कारण केसांच्या पुंजक्यात ब्लेड दिसत नाही आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईचा हात नेमका त्यातच जातो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो, त्यामुळे ब्लेड परवाचं आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

डब्यासाठी फिनेलचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन उत्तम. धुऊन वाळवायचा, झाकण एम-सीलने कायमचं बंद करायचं आणि वर अर्धं ब्लेड सरकेल एवढीच चीर पाडायची. पाण्याची बाटली नको, पातळ असते, ब्लेड आरपार येतं. दर खुर्चीला एक कॅन, उजव्या हाताला (कारागीर डावखुरा असेल तर डाव्या). दिवसाला 20 दाढ्या धरल्या तरी सोमवारच्या सुट्ट्या वगळून महिन्याला पाचशेच्या वर अर्धी ब्लेडं जमतात. कॅन पाऊण भरला की चिरेवर चिकटपट्टी लावायची आणि मार्करने ठळक लिहायचं: ‘ब्लेड आहेत, उघडू नका’. काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका, वरची ब्लेडं बोटाने दाबायचा मोह होतोच.

हा कॅन घेणार कोण, हे दुकान उघडण्याआधी विचारून ठेवायचं. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या यांच्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांची गाडी तुमच्या दारात येईल अशी आशा धरू नका. आपल्याला घनकचऱ्याचे नियम. त्यात 1 एप्रिल 2026 पासून ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशा चार वाटण्या आल्या आहेत. प्रत्यक्षात कोणत्या गाडीत काय घेतात हे गावागणिक बदलतं, म्हणून वॉर्डाच्या मुकादमाला किंवा आरोग्य निरीक्षकाला एकदा गाठा आणि कॅन दाखवूनच विचारा. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. आत काय आहे हे न उघडता कळावं, एवढाच हेतू. ही खूण सलूनने उचलावी असं मला वाटतं: रक्त पुसलेला कापूस आणि टिश्यू वेगळ्या कागदी पुडीत, वर लाल ठिपका.

तुरटीचंही इथेच सांगतो. एकच वडी दिवसभर सगळ्यांच्या गालावर फिरवायची पद्धत आता सोडा. बारीक खडे करून ठेवा, एका गिऱ्हाइकाला एक, वापरला की टाकला.

केसांचा प्रश्न धोक्याचा कमी आणि पसाऱ्याचा जास्त. पाणी शिंपडून झाडू नका, ओले केस फरशीला चिकटतात. रबरी पट्टीच्या वायपरने कोरडेच ओढा आणि झाकणाच्या पिंपात किंवा पोत्यात भरा. उघड्या बादलीतले केस वाऱ्याने थेट गटारात जातात. जाळायचे तर मुळीच नाहीत. केसांत गंधक असतं, त्याच्या धुराने शेजारी भांडायला येतील आणि त्यांचंच बरोबर असेल. ओळखीचा शेतकरी असेल तर न रंगवलेले केस खतासाठी देता येतात. त्यांत नत्र भरपूर, सुमारे 15 टक्के, पण कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणून खड्ड्यात पातळ थर द्यायला सांगा, ढीग नको. बेसिनला मात्र प्लंबर असतानाच बारीक जाळी बसवून घ्या. नंतर तुंबलेला पाइप खोलताना साबण आणि केसांचा जो गोळा निघतो, तो काढायला कुणी राजी नसतं.

रंगाबाबत दोन गोष्टी पक्क्या करा. कालवलेला डाय उरला तर झाकण घट्ट लावून ठेवायचा नाही. त्यातल्या पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो, बाटली फुगते आणि फुटते. झाडलेले केस किंवा जुना पेपर वाटीत टाकून तो टिपून घ्या, वाळू द्या, मग कचऱ्यात. दुसरं, अमोनियाचा रंग सांडला तर त्यावर ब्लीच ओतायचं नाही, आणि ब्लीच व संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करायचं नाही. दोन्हींतून विषारी वायू निघतो, आणि एसीच्या बंद दुकानात तो जातो कुठे? रक्त पडलेल्या जागेसाठी ब्लीच लागतंच. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच, चार भाग पाणी, रोज ताजं. कात्रीला ते लावू नका, गंजते.

एकदा वापरून फेकायचे ॲप्रन जून 2020 मध्ये सलून पुन्हा उघडली तेव्हा आले आणि बऱ्याच दुकानांत राहिले. कापडासारखे दिसतात, पण बहुतेक प्लास्टिकच. धुतलेल्या सुती कापडाच्या गठ्ठ्यावर भागत असेल तर तेच बरं. मानेभोवती कागदी पट्टी पुरते.

फोमचे रिकामे कॅन चेपू किंवा भोसकू नका, आत दाब उरलेला असतो. बिघडलेले ट्रिमर सुक्या कचऱ्यात नकोत, त्यांची लिथियम बॅटरी गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. खोक्यात साठवा आणि ई-कचऱ्यात द्या. हे सगळं बाहेर काढायचा दिवस सोमवार ठेवा, आणि ब्लेडचा कॅन घंटागाडीत भिरकावू नका, आत काय आहे ते सांगून हातात द्या.